तुमचे प्रश्न: बास्टनेसाइट, पॅरिसाइट आणि त्यांचं गोतावळं

मागच्या अंकात रेअर अर्थ धातूंवर, म्हणजे सिरियम, लँथॅनम, निओडिमियम या एकमेकांसारख्या धातूंच्या कुटुंबावर, लेख आला होता. त्यात बास्टनेसाइट या खनिजाचा उल्लेख जेमतेम एका ओळीत होता, आणि पत्रं मात्र त्या एका ओळीवरच जास्त आली. म्हणून यावेळी सगळं सदर त्यालाच. काही प्रश्न एकमेकांत मिसळून घेतलेत, नाहीतर तेच तेच परत लिहावं लागलं असतं.

प्रश्न: मी खनिजं जमवतो. अदलाबदलीत एक तपकिरी, चपटा, सहा बाजूंचा स्फटिक मिळालाय, लेबलवर 'बास्टनेसाइट' लिहिलंय. न फोडता, न घासता खात्री कशी करायची?

उत्तर: पूर्ण खात्री घरी होणार नाही, हे आधीच सांगतो. पण बरंच काही कळू शकतं.

आधी रंग आणि आकार. मधासारखा पिवळा ते लालसर तपकिरी, आकार चपट्या षटकोनी वडीचा, चकाकी काचेसारखी पण थोडी तेलकट, सपाट तळावर कधी मोत्यासारखी झाक. हे सगळं जुळलं तर लेबल खोटं असेलच असं नाही, पण यावर कोणी पैज लावू नये, कारण तपकिरी खनिजं ढिगानं आहेत.

दुसरं म्हणजे वजन. बास्टनेसाइटची घनता ५च्या आसपास असते, कॅल्साइटची २.७. हातात घेतल्या घेतल्या 'अरे, हा दिसतो त्यापेक्षा जड आहे' असं वाटलं पाहिजे. स्फटिक सुटा असेल, खडकाला चिकटलेला नसेल, तर एक सोपी गोष्ट करा. नाजूक काट्यावर आधी हवेत वजन घ्या, मग दोऱ्यानं पाण्यात लटकवून घ्या, दोन्हीतला फरक काढा आणि हवेतल्या वजनाला त्या फरकानं भागा, झाली घनता. ४.९ ते ५.२ मध्ये आलं तर चांगली बातमी. ४.३ किंवा ४च्या जवळ आलं तर मात्र खाली वाचा, कारण मग प्रकरण वेगळं आहे.

तिसरी टेस्ट माझी आवडती. रत्नपारखी वापरतात तो खिशातला छोटा स्पेक्ट्रोस्कोप कुणाकडे असेल तर मागून आणा. स्फटिकातून प्रकाश जात असेल तर मागे चांगला दिवा धरा आणि आत बघा, पिवळ्या पट्ट्यात ५८० नॅनोमीटरच्या आसपास बारीक काळ्या रेषांचा जुडगा दिसतो. त्या रेषा निओडिमियम आणि प्रेसिओडिमियमच्या. एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. पण याचा अर्थ एवढाच की आत रेअर अर्थ आहेत. खनिज कोणतं ते त्या रेषा सांगत नाहीत, पॅरिसाइटमध्ये त्याच दिसतात, मोनाझाइट या रेअर अर्थच्या फॉस्फेटमध्ये त्याच, काही अॅपटाइटमध्येसुद्धा त्याच.

कडकपणा मोह स्केलवर ४ ते ४.५ आहे, म्हणजे सुरीच्या पात्यानं ओरखडा जातो, पण तुम्ही न घासता म्हणालात तर ते राहू दे. अॅसिडची टेस्ट तर अजिबात करू नका. कार्बोनेट असलं तरी कॅल्साइटसारखा लगेच फसफसत नाही, हायड्रोक्लोरिक अॅसिड गरम केलं तरच हळूहळू विरघळायला लागतो, आणि तोवर तुमच्या नमुन्याची चमक गेलेली असते. शिवाय यात फ्लोरिन आहे. सल्फ्युरिक अॅसिड गरम करून टाकलं तर हायड्रोजन फ्लोराइड निघतो, तो माणसाला फार वाईट इजा करतो, ते प्रयोगशाळेतल्या लोकांचं काम.

आता ते ४.३ आणि ४चं प्रकरण. बास्टनेसाइटचे तीन जवळचे भाऊबंद आहेत: पॅरिसाइट, सिंकिसाइट आणि राँटजेनाइट. बास्टनेसाइटमध्ये सिरियम, फ्लोरिन आणि कार्बोनेट एवढंच असतं. त्याच्या दोन वाट्यांत कॅल्शियम कार्बोनेटचा एक वाटा घाला, पॅरिसाइट झाला, घनता ४.३५च्या जवळ. एकास एक घाला, सिंकिसाइट झाला, घनता ४च्या आसपास. तीनास दोन घाला, राँटजेनाइट. कॅल्शियम हलकं, म्हणून ते जितकं जास्त तितकी घनता खाली येते, हिशोब सरळ आहे.

पण निसर्ग हे वाटे नीट मोजून एकेका स्फटिकात भरत नाही ना! या सगळ्यांची रचना थरांची आहे आणि थरांची मापं एकमेकांना इतकी छान जुळतात की एकाच स्फटिकात बास्टनेसाइटचे काही थर, मग पॅरिसाइटचे, मग परत सिंकिसाइटचे, असे पत्त्यांचे दोन जोड पिसल्यासारखे मिसळलेले सापडतात, आणि बाहेरून मात्र तो एकच सलग स्वच्छ स्फटिक दिसतो. १९५३ साली गॅब्रिएल आणि जोसेफ डोने या दांपत्यानं ग्रीनलँडच्या नमुन्यांवर एक्स-रे टाकून हे दाखवलं, आणि त्यातच राँटजेनाइट हे नवीन खनिज सापडलं. एक्स-रेशिवाय ते दिसलंच नसतं, म्हणून एक्स-रे शोधणाऱ्या राँटजेनचं नाव त्याला दिलं.

त्यामुळे तुमची घनता ४.७ वगैरे मधलीच कुठली तरी आली तर काटा बिघडलाय असं समजू नका, कदाचित आत खरंच दोन खनिजं आहेत. आकारावरून थोडा अंदाज येतो: पॅरिसाइट बहुतेकदा उंच, दोन्ही टोकांना निमुळता, पिंपासारखा आणि त्यावर आडव्या रेघा, बास्टनेसाइट चपटा. पण ठाम उत्तर हवं असेल तर एखाद्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात रामन स्पेक्ट्रोस्कोप किंवा एक्स-रे डिफ्रॅक्शनवर बघून घ्या. रामनला नमुना फोडावा लागत नाही. तोपर्यंत लेबलवर बास्टनेसाइटच्या पुढे एक प्रश्नचिन्ह टाकून ठेवा. मला विचाराल तर अशा प्रश्नचिन्हाचं लेबल नुसत्या ठाम लेबलपेक्षा जास्त भरवशाचं.

प्रश्न: मी एमएस्सी जिऑलॉजीला आहे. पुस्तकात बास्टनेसाइट ऑप्टिकली पॉझिटिव्ह दिलाय आणि कॅल्साइट निगेटिव्ह. दोन्ही कार्बोनेट, मग उलटं का? आणि यात नेहमी सिरियमच जास्त का असतं?

उत्तर: प्रश्न मस्त आहे, आणि याचं उत्तर पाठ करायची गरज नाही, डोळ्यांसमोर आणलं की झालं.

कार्बोनेटचा गट म्हणजे सपाट त्रिकोण: मधे कार्बन, तीन कोपऱ्यांत ऑक्सिजन. प्रकाशाचं कंपन त्या त्रिकोणाच्या पातळीत असलं की प्रकाश जास्त अडतो, म्हणजे अपवर्तनांक मोठा येतो. पातळीला काटकोनात असलं की कमी अडतो. कॅल्साइटमध्ये हे सगळे त्रिकोण मुख्य अक्षाला आडवे, सपाट निजलेले असतात, म्हणून अक्षाच्या दिशेचा अंक लहान (१.४८६) आणि आडवा अंक मोठा (१.६५८). बास्टनेसाइटमध्ये सिरियम आणि फ्लोरिनचे सपाट थर असतात आणि दोन थरांच्या मधे कार्बोनेटचे त्रिकोण उभे ठाकलेले असतात, अक्षाला समांतर. त्रिकोण उभे झाले की गणितही उलटं झालं: अक्षाच्या दिशेचा अंक १.८२च्या आसपास, आडवा १.७२. अक्षाच्या दिशेचा अंक मोठा, म्हणून पॉझिटिव्ह, कॅल्साइटचा लहान, म्हणून निगेटिव्ह. फरक ०.१०, म्हणजे भरपूर. पातळ छेदात मायक्रोस्कोपखाली बघ, इंटरफिअरन्सचे रंग इतक्या वरच्या ऑर्डरचे येतात की पांढुरकेच दिसतात.

सिरियमचं म्हणशील तर दोन कारणं एकत्र येतात. एक तर विश्वातच सम अणुक्रमांकाची मूलद्रव्यं शेजारच्या विषमांपेक्षा जास्त, आणि सिरियमचा अणुक्रमांक ५८. पृथ्वीच्या कवचात सिरियम तांब्याच्या तोडीस तोड आहे, नाव रेअर असलं तरी. दुसरं कारण जागेचं. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत गेलं की आयनचा आकार साधारण १५ टक्क्यांनी आक्रसतो. बास्टनेसाइटमध्ये धातूची जागा ऐसपैस आहे, भोवती ९ शेजारी (६ ऑक्सिजन, ३ फ्लोरिन), तिथे सुरुवातीचे मोठे आयन नीट बसतात आणि शेवटचे बारके तिथं रमत नाहीत, ते झेनोटाइम या फॉस्फेटसारख्या खनिजात जातात. कॅलिफोर्नियातल्या माउंटन पासच्या खनिजात बघ: रेअर अर्थच्या एकूण ऑक्साइडमध्ये सिरियम जवळपास ४९ टक्के, लँथॅनम ३३, निओडिमियम १२, प्रेसिओडिमियम ४, आणि मग उरलेले सगळे मिळून किरकोळ. इट्रियमचा वरचष्मा असलेला बास्टनेसाइटही आहे पण तो क्वचित. म्हणूनच नावाच्या पुढे जास्त असलेल्या धातूचं चिन्ह लावायची पद्धत आहे, परीक्षेत ते लिहायला विसरू नकोस.

प्रश्न: कार्बोनेट खनिज आहे तर चुनखडीच्या खाणीत शोधलं तर सापडेल का?

उत्तर: नाही हो. साधी चुनखडी समुद्राच्या तळाशी शंख-शिंपले आणि चुन्याचा गाळ साचून बनते, त्यात रेअर अर्थ नावापुरतेच असतात. बास्टनेसाइटचं खरं घर म्हणजे कार्बोनेटाइट. दिसायला तोही पांढरा, कॅल्साइटचा, अॅसिड टाकलं की फसफसणारा, त्यामुळे संगमरवर समजून लोक फसलेले आहेत, पण तो वितळलेल्या शिलारसातून थंड झालेला अग्निजन्य खडक आहे. 'चुन्याचा लाव्हा' ही कल्पनाच बरीच वर्षं भूशास्त्रज्ञांना पटत नव्हती. १९६०च्या सुमारास टांझानियातल्या ओल डोइन्यो लेंगाई ज्वालामुखीतून कार्बोनेटचा पातळ काळा लाव्हा वाहताना प्रत्यक्ष बघितला गेला तेव्हा कुठे वादातली हवा गेली. त्या लाव्हाचं तापमान साधारण ५०० ते ६०० अंश, बेसॉल्टच्या निम्मं.

असा शिलारस पृथ्वीच्या प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातून, येतो आणि येताना रेअर अर्थ गोळा करून आणतो, कारण हे मोठे आयन प्रावरणातल्या नेहमीच्या खनिजांत बसत नाहीत, थोडं काही वितळलं की पहिले बाहेर पडतात. आणि बास्टनेसाइट बहुतेक वेळा अगदी शेवटी तयार होतो, शिलारस गोठत आल्यावर जे गरम खारट पाणी उरतं त्यातून. रेअर अर्थ त्या पाण्यात क्लोराइडच्या सोबतीनं फिरतात, फ्लोरिन आणि कार्बोनेट भेटलं की खाली बसतात. म्हणून बास्टनेसाइटच्या शेजारी फ्लोराइट, बराइट, कॅल्साइट ही मंडळी हमखास. काही अल्कली ग्रॅनाइटमध्ये आणि पेग्मटाइटमध्येही तो मिळतो. आणि एक गंमतीचा अपवाद: माँटेनेग्रोच्या बॉक्साइटमध्ये फ्लोरिनच्या जागी हायड्रॉक्सिल असलेला बास्टनेसाइट सापडलाय, तिथे शिलारस वगैरे काही नाही, पावसाच्या पाण्यानं वरची माती धुतली आणि रेअर अर्थ खाली चुनखडीच्या तळाशी जाऊन बसले. म्हणजे चुनखडीचा संबंध आला, पण असा आडवळणानं.

प्रश्न: जगात नक्की कुठे कुठे मिळतो? आपल्या देशात आहे का?

उत्तर: पहिल्यांदा मिळाला स्वीडनमध्ये, बास्टनेस नावाच्या जुन्या खाणीत, नाव तिथूनच. ही खाण म्हणजे रसायनशास्त्राचं तीर्थक्षेत्रच म्हणा, कारण इथल्याच सेराइट या दुसऱ्या खनिजातून १८०३ साली बर्झेलियस आणि हिसिंगर यांनी, आणि त्याच सुमारास जर्मनीत क्लाप्रोटनं वेगळं काम करून, सिरियमचा ऑक्साइड शोधला. बास्टनेसाइटचं वर्णन हिसिंगरनंच १८३८ मध्ये केलं. पॅरिसाइट मात्र कोलंबियातला, मुझोच्या पाचूच्या खाणीतला, आणि त्याचं विश्लेषण १८४५ साली बुनसेननं केलं. हो, तोच बर्नरवाला.

माउंटन पासची गोष्ट सांगायलाच हवी. १९४९ साली कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात काही लोक गायगर काउंटर (किरणोत्सर्ग ओळखणारं यंत्र) घेऊन युरेनियम शोधत हिंडत होते. काउंटर वाजला, पण निघालं भलतंच: बास्टनेसाइट, सोबत थोडं थोरियम हा किरणोत्सारी धातू, आणि त्या थोरियममुळेच काउंटर वाजला होता. सुमारे १४० कोटी वर्षं जुना कार्बोनेटाइट, धातुकात ८ टक्क्यांच्या आसपास रेअर अर्थ ऑक्साइड, म्हणजे फारच श्रीमंत. पुढे रंगीत टीव्ही आले, पडद्यावरच्या लाल रंगासाठी युरोपियम लागायला लागलं, आणि यातला युरोपियमचा वाटा फक्त ०.१ टक्का असूनही खाण त्यावर चालली. जगाला लागणारे रेअर अर्थ कित्येक वर्षं मुख्यतः इथून जात. २००२ मध्ये खाण बंद पडली, मधे पुन्हा उघडली, पुन्हा बुडाली, २०१८ पासून परत चालू आहे.

आज सगळ्यात मोठा साठा चीनच्या इनर मंगोलियात, बायान ओबो इथे. १९२७ साली तो लोखंडाची खाण म्हणून सापडला, रेअर अर्थ नंतर लक्षात आले. तिथे बास्टनेसाइट आणि मोनाझाइट एकमेकांत मिसळलेले आहेत, दाणे अगदी बारीक, आणि हा साठा नेमका कसा झाला यावर भूशास्त्रज्ञांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. चीनमध्येच सिचुआनच्या माओन्युपिंगला जाडजूड दाण्यांचा बास्टनेसाइट मिळतो. बुरुंडीत गकारा इथे त्याच्या शिरा आहेत, मादागास्करमध्ये मोठे स्फटिक, आणि पाकिस्तानात पेशावरजवळच्या झागी डोंगरात सुंदर पारदर्शक स्फटिक.

आपल्याकडे गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात अंबाडुंगर. तिथला कार्बोनेटाइट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे दख्खनचा काळा दगड ज्या काळात ओतला गेला त्याच काळातला, आणि फ्लोराइटची खाण म्हणून भूशास्त्राच्या लोकांना तो केव्हापासून माहीत आहे. बास्टनेसाइट, पॅरिसाइट, सिंकिसाइट तिन्ही तिथे नोंदवलेत. राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातल्या कामठईला बास्टनेसाइटबरोबर कार्बोसेर्नाइट नावाचं आणखी एक कार्बोनेट आहे. पण भारताचे रेअर अर्थ आजवर आलेत ते मुख्यतः केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतल्या मोनाझाइटमधून, आणि तो फॉस्फेट, कार्बोनेट नव्हे.

प्रश्न: गायगर काउंटर वाजतो म्हणता, मग घरात ठेवणं धोक्याचं नाही का?

उत्तर: मोनाझाइटच्या मानानं बास्टनेसाइट गरीब आहे. मोनाझाइटमध्ये थोरियम ऑक्साइड ४ ते १२ टक्क्यांपर्यंत असू शकतं, बास्टनेसाइटमध्ये बहुधा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. एखादा स्फटिक काचेच्या कपाटात असेल तर बिनधास्त ठेवा. फक्त कापू नका, घासू नका, पूड करू नका, ती धूळ नाकात जाणं वाईट, थोरियम असो वा नसो. मुलांच्या हाती खेळायला देऊ नका आणि हाताळल्यावर हात धुवा. बास, एवढंच.

प्रश्न: माउंटन पासच्या धातुकात ८ टक्के रेअर अर्थ म्हणजे खूपच झालं की, मग हे धातू मिळवणं एवढं अवघड का म्हणतात?

उत्तर: खनिज मिळवणं अवघड नाही, धातू वेगळे करणं अवघड आहे. दगड दळून पाण्यात फेस करतात, त्यात फॅटी अॅसिडसारखी रसायनं टाकली की बास्टनेसाइटचे दाणे बुडबुड्यांना चिकटून वर येतात. इथे पहिली डोकेदुखी, कॅल्साइट आणि बराइटही जवळपास तसेच वागतात, म्हणून पाणी गरम करून आणि वेगळी रसायनं घालून त्यांना खाली दाबावं लागतं.

पुढे कार्बोनेट असण्याचा फायदा मिळतो. बास्टनेसाइट ५०० अंशांच्या आसपास तापवला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे ऑक्सिफ्लोराइड उरतं, हे अॅसिडमध्ये विरघळवायला सोपं. मोनाझाइटचा फॉस्फेट असा सहजासहजी तुटत नाही. हवेत भाजताना सिरियमचं ऑक्सिडेशन होऊन त्याचा चार्ज चार प्लस होतो, बाकीच्यांचा तीन प्लसच राहतो, मग हायड्रोक्लोरिक अॅसिडनं धुतलं की बरंचसं सिरियम न विरघळता मागे राहतं. निम्मा माल एका फटक्यात बाजूला! माउंटन पासला हीच युक्ती वापरली. बायान ओबोला मोनाझाइटही सोबत असल्यामुळे सल्फ्युरिक अॅसिडबरोबर भाजतात, आणि त्यातून फ्लोरिन आणि गंधकाचे वायू निघतात, ते पकडले नाहीत तर आसपासच्या जमिनीचे आणि पाण्याचे हाल होतात.

उरलेले मात्र एकमेकांना सोडत नाहीत. सगळ्यांचा चार्ज तीन प्लस, आकारात शेजाऱ्या-शेजाऱ्यात एक-दीड टक्क्याचा फरक. सिरियम सापडलं १८०३ मध्ये, त्यातून लँथॅनम वेगळं केलं मोसांडरनं १८३९ मध्ये, मग त्यानं 'डिडिमियम' नावाचं एक मूलद्रव्य जाहीर केलं, आणि ते मुळात एक नाहीच, प्रेसिओडिमियम आणि निओडिमियम असे दोन आहेत, हे आउअर फॉन वेल्सबाखनं दाखवलं थेट १८८५ मध्ये. आता हे काम सॉल्व्हेंट एक्स्ट्रॅक्शननं होतं, म्हणजे अॅसिडचं पाणी आणि केरोसिनसारखं द्रावण एकत्र घुसळायचं, थोडा फरक पडतो, परत पुढच्या टाकीत घुसळायचं, असे शेकडो टप्पे. त्यामुळे खाण असली म्हणजे देश रेअर अर्थच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला असं जे लिहितात ते मला पटत नाही, खरी ताकद त्या टाक्यांच्या रांगेत आहे.

प्रश्न: बास्टनेसाइटचा खडा अंगठीत बसवता येतो का?

उत्तर: पैलू पाडलेले खडे मिळतात, झागीचे तर खूपच देखणे, मधाळ नारिंगी. पण कडकपणा ४ ते ४.५, आणि हवेतल्या धुळीत क्वार्ट्झ असतो तो ७चा. रोजच्या वापरात काही महिन्यांत कडा बोथट होतील. डबीत ठेवा.

प्रश्न: गुलाबी रंगाचं रेअर अर्थ कार्बोनेट असतं असं ऐकलं. तेही बास्टनेसाइटच का?

उत्तर: नाही, तो बहुधा लँथॅनाइट. त्यात फ्लोरिन नसतं, त्याऐवजी पाणी असतं, दोन धातूंमागे पाण्याचे ८ रेणू. त्यामुळे तो हलका (घनता २.७-२.८), मऊ (२.५ ते ३), आणि पातळ पापुद्र्यांसारख्या पत्र्यांत वाढतो. तयार होतो तोही जमिनीच्या वरच्या भागात, आधीची रेअर अर्थ खनिजं कुजून त्यातला माल थंड पाण्यातून परत बसतो तेव्हा. ब्राझीलच्या कुरितिबाचा प्रसिद्ध आहे, त्यात निओडिमियम जास्त, म्हणून गुलाबी-जांभळट. विकत घ्यायचा असेल तर उन्हातही बघा आणि ट्यूबलाइटखालीही बघा. निओडिमियमवाल्या गोष्टींचा रंग दोन्हीकडे वेगळा दिसतो, दिवसा गुलाबी आणि ट्यूबखाली फिकट किंवा हिरवट-निळसर. तसं काहीच झालं नाही तर विकणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारा.